कानपिळीच्या वेळी मी कुठे होतो

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. परवा एका तेरवीला आत्या शेजारी बसली होती. पानं वाढून व्हायच्या आधीच तिनं विचारलं, "सख्ख्या बहिणीच्या कानपिळीले तू कुठी होता रे?" लग्न २०१३च्या मे महिन्यात झालं. तेव्हापासून हे मला मामानं विचारलंय, दोन्ही काकूंनी विचारलंय, ज्यांना मी नावानं ओळखत नाही अशा माणसांनीही विचारलंय. अलीकडे प्रश्नाला शेपूट लागलंय: एकटा राहतोस, ऑफिसात दुनियेचे हिशेब तपासतोस, मेट्रोनं फिरतोस, मग त्या दिवशी तेवढा अर्धा तास का जमला नाही?

मी ऑटिस्टिक आहे हे तुम्हा नातेवाइकांना २०१९पासून माहीत आहे, ते परत सांगत नाही. एका शब्दाबद्दल मात्र बोलायचंय. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मूळ शब्दातही ग्रीक 'ऑटोस' आहे, म्हणजे 'स्वतः'. ब्लॉयलर नावाच्या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वी तो वापरला, तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल लिहिताना. पुढे तो आमच्याकडे आला आणि मराठीत येताना 'मग्न' होऊन आला. तुम्ही तो ऐकता आणि तुम्हाला वाटतं, याला बाहेरचं काही पोचत नसेल. मला बाहेरचं सगळं पोचतं. दार लावता येत नाही, ही अडचण आहे.

ऑफिसात माझ्या टेबलावर जी ट्यूबलाइट आहे तिचा चोक गुणगुणतो. तुम्हाला दोन मिनिटांनी तो ऐकू येईनासा होईल. मला संध्याकाळी सहा वाजता तो सकाळइतकाच ऐकू येतो. त्याच्या जोडीला प्रिंटर, पलीकडच्याचा फोन, कुणाच्या तरी डब्यातली लसणाची फोडणी, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल. कोणाला आधी बसवायचं आणि कोणाला दुसऱ्या पंगतीला थांबवायचं हे ठरवणारं कोणीतरी तुमच्या डोक्यात असावं. माझ्याकडे सगळे पहिल्याच पंगतीला बसतात.

"मग कूलरचा एवढा आवाज कसा चालतो तुले?" हे आई विचारते. चालतो, कारण तो एकसारखा असतो. मध्येच थांबून हसत नाही, मागून येऊन हाक मारत नाही. त्याच्या भर्र आवाजाखाली रस्त्यावरचे हॉर्न आणि वरच्या मजल्यावरची सरकणारी खुर्ची झाकली जाते. नव्या ताट्या लावून पहिल्यांदा पाणी सोडलं की जो ओल्या लाकडाचा वास सुटतो, तो माझा वर्षातला सगळ्यात आवडता वास आहे. नागपुरात लोक एप्रिल-मे कसेबसे काढतात, मी तेव्हाच सगळ्यात गाढ झोपतो. कूलर गच्चीवर गेला की माझी झोपही जाते. मात्र तहान मला वेळेवर कळत नाही. भूकही नाही. म्हणून फोनवर दर तासाला पाण्याचा गजर आहे, आणि तो वाजला की तुम्ही "कोणाचा फोन?" म्हणता.

आता मेट्रो. सुभाषनगरला रोज तीच गाडी, शेवटचा डबा, दाराजवळचा कोपरा, कानात इअरप्लग. सीताबर्डीला उतरलो की फरशीवरच्या पिवळ्या पट्टीकडे नजर, थेट जिन्यापर्यंत. हे जमतं, कारण काल जसं होतं तसंच ते आज असतं. आणि जमलं तरी फुकट जमत नाही. शनिवारी दुपारी पडदे ओढून, फोन बंद करून मी पाच-पाच तास पडून असतो. तेव्हा कोणी बेल वाजवली तर मी दार उघडत नाही. म्हणून तुम्हाला फक्त मेट्रोतला मी माहीत आहे.

आता ते लग्न.

मुहूर्त सकाळी अकरा चाळीसचा होता. दोन महिने आधीपासून मी त्या दिवसाची एक वही केली होती. किती वाजता काय, कोण कुठे उभं राहणार, लाजाहोमात ताईच्या ओंजळीत लाह्या किती वेळा घालायच्या, मग भाऊजींचा कान. आदल्या रात्री मेंदी सांभाळत ताईनं स्वतःचा कान पुढे करून माझ्याकडून सराव करून घेतला. "जोरात पिळ. भ्यायचं नाही." मी पिळला. ती ओरडली आणि हसली. हे मी मुद्दाम लिहितोय. त्या कामाची मला किंमत नव्हती असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

वरात पाऊण तास उशिरा आली. वहीतलं पहिलं पान तिथेच गेलं. डीजेची गाडी फाटकात येऊन थांबली आणि तो आवाज मला कानांपेक्षा बरगड्यांत जास्त येत होता. पारा पंचेचाळीसच्या वर. डोक्याला आवळून बांधलेला फेटा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली जरीची शेरवानी, तोंडावर उडवलेलं गुलाबपाणी, झेंडूचा वास, आणि येणारा प्रत्येक माणूस खांद्यावर, पाठीवर, गालावर हात ठेवून जाणारा. मी दात घट्ट धरून हसत होतो. फोटोत ते हसू छान आलंय. तुम्ही तोच फोटो दाखवून म्हणता, "तेव्हा तर चांगला होतास!"

मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला चारी बाजूंनी अक्षता. मागून कधी येतील ते कळत नाही, म्हणून मी आठही वेळा आधीच आवळून उभा. शेवटच्या वेळी एक दाणा कॉलरच्या आत गेला. कुंकवात भिजवून वाळवलेला, खरखरीत. मान आणि जर यांच्या मधोमध अडकला. मान हलवली की तो हलायचा. नाही हलवली तर तिथेच आहे हे कळत राहायचं. बटणं काढायची तर चारशे माणसं समोर. पुढच्या तासाभरात कोण भेटलं, कोणाच्या पाया पडलो, मला आठवत नाही. तो दाणा आठवतो.

अशा वेळी आधी शब्द जातात. हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण शब्द गेलेला माणूस ते सांगू शकत नाही. काकूनं विचारलं, "जेवला का?" मला उत्तर माहीत होतं. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडापर्यंत आलं नाही. ती "भाव खाऊन राहिला" म्हणत पुढे गेली.

मग लाजाहोमाचा पुकारा झाला. माइकनं शिट्टी मारली, ती लांब, पातळ, संपायला तयार नसलेली. त्याच क्षणी मामानं मागून खांदा धरून हलवलं. "काय करून राहिला रे तू इथं? गुरुजी थांबून राहिले ना!" मी हात झटकला. जोरात झटकला. मामाच्या दुसऱ्या हातात लाह्यांचं सूप होतं, ते उडालं. लाल गालिच्यावर पांढऱ्या लाह्या. ताई होमापाशी ओंजळ पुढे धरून बसली होती. ओंजळ रिकामी होती. मी ती पाहिली आणि मागच्या मागे निघालो.

स्वयंपाकघरामागे कोठी होती. डाळीची पोती, तेलाचे डबे आणि कोपऱ्यात भुशात पुरलेल्या बर्फाच्या लाद्या, वर ओलं गोणपाट. फेटा काढून मी कपाळ त्या गोणपाटावर टेकलं. तागाचा वास, खालून येणारा गारवा, आणि भिंतीपलीकडे दबलेलं लग्न. शेरवानीची तीन बटणं तुटली. दाणा सापडला. बोटावर घेऊन बघितला तर अर्धाच होता, तुटलेला. अक्षतसुद्धा नव्हता तो. त्या अर्ध्या दाण्याकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. कानपिळी चुलतभावानं केली. अल्बममध्ये त्याचा फोटो आहे, भाऊजी हसतायत, ताई कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

पाठवणीला मी बाहेर आलो. गाडीच्या मागच्या बाजूला उभा राहिलो. ताई एकेकाच्या गळ्यात पडून रडत होती, आत्या, काकू, कामाला येणाऱ्या बाईसुद्धा. माझ्याकडे तिनं पाहिलं आणि ती गाडीत बसली. लहानपणापासून मीच सांगत आलो होतो, मला मिठी मारायची नाही. त्या दिवशी तिनं माझं म्हणणं पाळलं की मला शिक्षा केली, हे मला आजही कळलेलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

त्याच मे महिन्यात अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली. आवाज, स्पर्श, वास, उजेड यांना प्रमाणाबाहेर प्रतिसाद किंवा अगदीच कमी प्रतिसाद, हे तिच्यात ऑटिझमच्या निकषांमध्ये आलं. चौथ्या आवृत्तीच्या निकषांत ते नव्हतं. हे मला सहा वर्षांनी कळलं, तेव्हा मी वाचता वाचता उठून उभा राहिलो. माझ्यासाठी कागदावर जागा होत होती त्याच महिन्यात मी कोठीत बसलो होतो.

२०१९ला तपासणी झाली तेव्हा मी तेहेतीस वर्षांचा होतो. आईलाही बोलावलं होतं, लहानपणचं विचारायला. तिला वाटलं नव्हतं इतकं तिला आठवलं. इतवारीतल्या आजोळी तान्हा पोळ्याला मारबत, म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघाली की मी दिवाणाखाली जायचो आणि ढोल लांब गेल्याशिवाय बाहेर यायचो नाही. तरी वर्षभर मीच सगळ्यांना सांगत सुटायचो की काळी मारबत १८८१पासून निघते आणि पिवळी १८८५पासून. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" हे मी म्हणायचो, पण घरात, एकटा, ऑगस्ट नसतानाही. आई हे सांगताना थांबली. "आम्हाले वाटे, हट्टी आहे," म्हणाली. मग तपासणाऱ्या बाईंकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "मारलं बी होतं म्या तुले त्याच्यावरून." मला ते आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

त्या आठवड्यात मी कुटुंबाच्या ग्रुपवर तो लांबलचक मेसेज टाकला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अजून ठेवला असेल. त्यात मी वकिलासारखा बोललो होतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, १९९५च्या कायद्यात तो नव्हता, वगैरे. आणि शेवटी: "त्या दिवशी माझी काहीही चूक नव्हती. मला शक्यच नव्हतं."

तो मेसेज लिहिणाऱ्याशी मी सध्या भांडतोय. तो लिहिताना मी इतकी वर्षं घातलेलं हट्टी, माणूसघाण्या, भाव खाणारा हे सगळं एकदाचं उतरवून ठेवत होतो, आणि त्याचा मला अधिकार होता. अजूनही आहे. शब्द गेले होते हे खरं आहे. हात आपसूक झटकला गेला हे खरं आहे. यातलं एक अक्षर मी मागे घेणार नाही.

पण एक गोष्ट मी त्या मेसेजमध्ये लिहिली नाही, आणि तुम्हालाही कधी सांगितली नाही. कोठीत मला हाक ऐकू आली होती. ताईचा आवाज होता. माइकवरून नव्हता, तिचा साधा आवाज, स्वयंपाकघराच्या दारातून. होमापासून उठून आली होती की मला तसं वाटलं, माहीत नाही. दोनदा. तोवर दाणा निघाला होता, कपाळ गार झालं होतं, श्वास जागेवर आला होता. मला वाटतं, मी उठू शकलो असतो. मला वाटतं, मी उठलो नाही, कारण तिथे बरं वाटत होतं. आणि लगेच असंही वाटतं की अशा वेळी 'उठू शकलो असतो' हे पुढे बारा वर्षांनी गाढ झोपून उठलेला माणूस म्हणतोय. त्याला गोणपाटावरच्या माणसाचं काय माहीत? मी हे कितीदा उलटसुलट केलंय. नव्हतं जमत की नाही उठलो, यांच्यामधली रेघ मलाच दिसत नाही. तुम्हाला ती स्पष्ट दिसते, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं आणि रागही येतो.

ताईनं मला हे आजवर एकदाही विचारलेलं नाही. आत्या, तुम्ही विचारता. तिनं विचारलं असतं तर मी वरचं सगळं सोडून फक्त हाकेचं सांगितलं असतं.

दिवाळीत ती दोघं येतात. माझ्यासाठी पोह्यांवर तर्री न घालता ती वेगळ्या वाटीत ठेवायची हे आता भाऊजीसुद्धा न सांगता करतात. दरवर्षी निघताना दारात ते कान पुढे करतात आणि म्हणतात, "साळेबुवा, तुमचं राहून गेलंय." हसून म्हणतात. ते हसणं चेष्टेचं आहे, तक्रारीचं आहे की खरोखरचं बोलावणं आहे, मला ओळखता येत नाही. ताई मागे चपला घालत असते, वर बघत नाही. मी अजून हात पुढे केलेला नाही.