कढीपत्त्याच्या काड्या

१८ जानेवारी, रविवार

सकाळी दादाचा फोन. कढीपत्त्याची चटणी संपली म्हणे, मस्त झाली होती, अजून पाठव. मी हो म्हणाले आणि फोन ठेवून खिडकीतल्या कुंडीकडे बघत बसले. दीड महिना झाला. नुसत्या काड्या.

दादा निघायचा होता त्या दिवशी त्याची बॅग भरायची गडबड होती आणि मी एका दुपारी अख्खं झाड ओरबाडलं. शेंडा पेराच्या वर कात्रीने कापला की खालून फुटवे येतात, आणि निम्मी तरी पानं झाडावर ठेवायची असतात, हे माहीत होतं की मला. तरी हात थांबला नाही. भाजल्यावर आक्रसून सगळ्याची मिळून एक बरणी भरली. तीपण लहान.

मग रोज पाणी, आंबट ताक, शेणखत. मला वाटत होतं मी भरपाई करतेय. पण थंडीत कढीपत्ता तसाही झोपलेला असतो आणि पानंच नाहीत तर पाणी ओढणार कोण, माती ओली ती ओलीच, ताटलीत पाणी साचून कुबट वास यायला लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. परवा रात्री खूप रडू आलं. घरात फोडणीला पानं सगळ्यांना हवीत, पण झाड का वाळतंय हे एकानेही विचारलं नाही. रडू झाडासाठीच होतं का... जाऊ दे.

आई म्हणाली, नखाने खरवडून बघ. आज धीर करून खरवडलं. वरच्या काड्या आतून तपकिरी, कट्कन मोडतात. खाली बुंध्याजवळ मात्र हिरवं. ओलसर, पोपटी हिरवं! तिथपर्यंत छाटलं. ताटली काढली, कुंडी बेडरूमच्या खिडकीत नेली, तिथे दुपारपर्यंत ऊन असतं. आता बोट दोन पेरं आत घालून माती कोरडी लागली तरच पाणी, आणि पालवी दिसेपर्यंत खत अजिबात नाही. मार्चपर्यंत वाट बघेन. नाहीच फुटलं तर ते मीच केलंय, एवढं मान्य आहे मला आता.

फक्त तो हात का थांबला नाही, हे सुटत नाहीये. दादा जातोय म्हटल्यावर मला काहीतरी घरचंच द्यायचं होतं बहुतेक.

भाजीवाल्या मावशींना कढीपत्त्याच्या चार जुड्या सांगून आले. एरवी कोथिंबिरीबरोबर त्या एक काडी फुकटच टाकतात पिशवीत. तेव्हाही सांगता आलं असतं.