एक स्टार मिळालेलं भडंग

सांगलीकडं भडंगावरनं लोक जितके जीव तोडून भांडतात तितके दुसऱ्या कशावरनं भांडत नसतील. कुणाला जयसिंगपूरचंच पाहिजे, कुणाला लसूण भरपूर पाहिजे, कुणाला पिठीसाखर जिभेला कळली तरी चालत नाही, आणि ही सगळी भांडणं आता गूगलच्या रिव्ह्यूमध्ये चालतात. मी इथल्याच एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटी बघते. तेल, मीठ, ओलावा, पॅकिंग, लेबल सगळं माझ्याकडं, आणि रिव्ह्यू वाचायचं काम मी स्वतःहून मागून घेतलंय, कारण माल आमच्या गेटबाहेर गेल्यावर त्याचं काय होतं ते आम्हाला कळायचा तेवढा एकच रस्ता आहे. "मस्त", "एक नंबर", "पूर्वीची चव राहिली नाही" यातनं हाताला काही लागत नाही. पण मधेच कुणीतरी नीट खाऊन, नीट लिहितं.

मागच्या दिवाळीच्या आधी, ऑर्डरींचा नुसता धडाका चालू असताना, असा एक रिव्ह्यू आला. एक स्टार. बाईंनी लिहिलं होतं की चुरमुरे कुरकुरीत आहेत, मीठ-तिखट बरोबर आहे, पण शेंगदाणा दाताखाली आला की खवट लागतो आणि पाकीट फोडल्या फोडल्या जुन्या तेलाचा वास येतो, तारीख मात्र ताजी आहे. सकाळी सकाळी मालकांनी, आम्ही सगळे अण्णाच म्हणतो, मोबाईल माझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "ताई, हे बघा, ऐन सणात हे काय आलंय." भट्टीवरच्या मामांना तर फारच लागलं. त्यांचं म्हणणं, माझ्या कढईत जुनं तेल कधी दिसलं का तुम्हाला?

मला तो रिव्ह्यू वाचूनच वाटलं होतं की ह्या बाईंना खाण्यातलं कळतंय. भडंग दोन तऱ्हेनं बिघडतं. एक म्हणजे सादळतं, सीलमधनं हवा लागली की चुरमुरे ओलावा धरतात आणि वातड होतात. ते परत कढईत गरम केलं तर थोडंफार तरी सुधारतं. दुसरं म्हणजे खवट होतं, ते तेलाचं दुखणं, त्याला मग काही उपाय नाही. निम्मे लोक दोन्हीला "शिळं" म्हणून मोकळे होतात, आणि मग आम्ही सील बघायचं का तेल बघायचं हे कळत नाही. बाईंनी चुरमुरे कुरकुरीत आहेत हे आवर्जून लिहिलं, म्हणजे सील चांगलं होतं, अर्धं काम त्यांनीच करून दिलेलं.

आधी कढई बघितली. आमच्याकडं तेलात बुडवायचा मीटर आहे, तळून तळून तेलात जे खराब घटक साठतात त्यांची टक्केवारी तो दाखवतो. कायद्यानं ती 25 च्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, 1 जुलै 2018 पासूनचा नियम आहे. आम्ही त्याच्या बऱ्याच आधी तेल उतरवतो. रजिस्टर काढलं, त्या आठवड्यातले सगळे आकडे बरोबर होते. मामा शेजारी उभे राहून एकेक ओळ वाचत होते.

मग रिव्ह्यूखाली उत्तर लिहून बाईंना पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला. त्यांनी लगेच पाठवला, बॅच नंबर स्पष्ट दिसत होता. प्रत्येक बॅचची काही पाकिटं आम्ही कपाटात राखून ठेवतो, कंट्रोल सॅम्पल म्हणतो त्याला. त्यातलं एक फोडलं तर वास छान, लसूण छान, शेंगदाणा गोड. आता बॅच तीच, तेल तेच, आचारी तोच, आणि एक पाकीट चांगलं नि एक खवट, म्हणजे जे काय झालं ते गाडीत चढवल्यानंतर झालं. बाईंना फोन करून विचारलं कुठनं घेतलं, तर एसटी स्टँडजवळच्या एका दुकानाचा पत्ता मिळाला.

दुपारी सेल्समनच्या गाडीवर बसून तिथं गेले. ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते इकडच्या लोकांना सांगायला नको. दुकानाचं तोंड पश्चिमेला, आणि समोरच्या दांडीला आमच्या पाकिटांची माळ लटकवलेली, पारदर्शक पाकिटं, ऊन थेट आतल्या शेंगदाण्यावर. हात लावला तर पाकीट चांगलं तापलेलं. दुकानदाराची तरी चूक कशी म्हणायची, लटकवल्याशिवाय प्रवाशाला माल दिसत नाही, आणि उन्हात टांगू नका हे पाकिटावर आम्ही कुठं ठळक लिहिलं होतं? बारीक अक्षरात "थंड व कोरड्या जागी ठेवा" असतं, ते कोण वाचतंय. त्याच बॅचचं एक पाकीट माळेतनं काढून घेतलं, एक आतल्या खोक्यातनं घेतलं, दोन्हीचे पैसे दिले आणि परत आले.

इथं थोडं तेलाचं सांगते. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, त्यावर तळताना आणखी बसतं, म्हणून भडंगात पहिला बिघडतो तो शेंगदाणा, चुरमुरे नाहीत. तेलाला हवा, उष्णता आणि उजेड तिन्ही एकदम मिळाले की ते झपाट्यानं बिघडतं. फोडणीत कढीपत्त्याचा हिरवा रंग तेलात उतरतो, उजेडात तो रंगसुद्धा तेल बिघडवायला हातभार लावतो. सावलीत महिनोन्महिने टिकणारा माल दांडीवर टांगला की तितका टिकत नाही, पाकिटावर तारीख काहीही असू दे.

दोन्ही पाकिटांतलं तेल सॉल्व्हंटनं वेगळं काढून टेस्ट लावली. ही टेस्ट मला फार आवडते. तेल बिघडायला लागलं की त्यात पेरॉक्साइड नावाचे पदार्थ तयार होतात. तेलात पोटॅशियम आयोडाइड टाकलं की हे पेरॉक्साइड जितके जास्त तितकं आयोडीन सुटतं, स्टार्चचे थेंब टाकले की सगळं गडद निळं होतं, आणि मग वरच्या नळीतनं थायोसल्फेट थेंब थेंब सोडायचं, निळं पूर्ण जाईपर्यंत. किती थेंब लागले त्यावरनं आकडा निघतो. चांगल्या रिफाइंड तेलाचा तो दहाच्या आत असावा लागतो. खोक्यातल्या पाकिटाचं निळं लगेच गेलं. माळेतल्याचं जाता जाईना, मामा आणि अण्णा दोघं फ्लास्ककडं टक लावून उभे, मी नळीचा कॉक उघडते बंद करते, परत उघडते, आणि निळं तसंच.

संध्याकाळी अण्णांनी बाईंना युनिटवर बोलावलं. रिटायर्ड शिक्षिका निघाल्या, रिक्षानं आल्या, येताना आपलं उरलेलं पाकीट रबर लावून सोबत घेऊन आल्या. मी टेबलावर वाट्या मांडल्या, खाली नुसते नंबर. त्यांचंच पाकीट, माळेतलं, खोक्यातलं, आमच्या कपाटातलं, सकाळचं ताजं, आणि एका वाटीत मुद्दाम सादळवलेलं. बाईंना काही सांगितलं नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला, प्रत्येक वाटीतनं आधी नुसते चुरमुरे खाल्ले, मग शेंगदाणा दोन बोटांत धरून साल काढून वास घेतला आणि मग तोंडात टाकला. दोन वाट्या बाजूला सारून म्हणाल्या, "या दोन्ही खवट." ते त्यांचं आणि माळेतलं होतं. सादळलेल्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "याचं तेल चांगलं आहे, हे फक्त मऊ पडलंय." आणि कपाटातलं नि सकाळचं यातलं ताजं कुठलं तेही बरोबर सांगितलं, म्हणे ताज्यात लसणाचा वास वर येतो, मुरल्यावर तो खाली बसतो.

मी ती आयोडीनची टेस्ट कॉलेजात शिकले, इतकी वर्षं करते, आणि या बाईंनी माझा अख्खा दुपारचा रिपोर्ट एका बैठकीत जिभेनं सांगितला. खरं तर जीभ थोडी पुढंच आहे, कारण तेल फारच जुनं झालं की ते पेरॉक्साइड पुढं मोडतात आणि टेस्टचा आकडा उलट खाली येतो, वास मात्र वाढतच जातो. नुसत्या आकड्यावर बसलं तर असला माल पास होईल. मामांनी बाईंना वाकून नमस्कार केला, ते का ते मी विचारलं नाही, पण मला समजलं. बाईंनी रिव्ह्यू काढला नाही, अण्णांनीही काढा म्हटलं नाही. खाली एक ओळ जोडली की दुकानात उन्हात लटकवलेलं पाकीट घेऊ नका, आतलं मागा. ती ओळ आमच्या जाहिरातीपेक्षा जास्त कामाची आहे.

म्हणून कुठलाही फरसाण, चिवडा, खारी, काहीही खराब निघालं तर नुसतं "थर्ड क्लास" लिहून सोडू नका हो. बॅच नंबर, कुठनं घेतलं, आणि मऊ पडलंय का वास येतोय, एवढं लिहिलं की आत बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला पुढं शोधता येतं.

बाकी पाकिटाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. चंदेरी फिल्मचं पाकीट घेतलं की उजेड अडतो, ओलावाही कमी शिरतो, पण आतला माल दिसत नाही, आणि इथल्या गिऱ्हाइकाला शेंगदाणे किती आहेत ते बघितल्याशिवाय पाकीट उचलवत नाही. मोठ्या कंपन्या आत नायट्रोजन भरतात, लोक त्याला "हवा भरून फसवतात" म्हणतात, पण तो वायू मालाच्या भल्यासाठीच असतो, वजन पाकिटावर ग्रॅममध्ये छापलेलं असतं ते बघावं. आम्हाला ते मशीन सध्या परवडणारं नाही. तोपर्यंत सेल्समनला सांगितलंय की दांडीवरची पाकिटं दर फेरीला उतरवून बदलून द्यायची, आणि अण्णांनी मागनं पुढनं चंदेरी, पुढं खाली छोटी खिडकी असं पाकीट थोडं छापून आणलंय. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवलीत. अजून तरी लोक जुनंच जास्त उचलतात.