सटवी खेळवता

२१ जुलै, वेंगुर्ला. रात्रीचे सव्वादोन.

लाईट नाही. पाऊस कौलांवर नुसता बडवतोय. बाय माझ्या छातीवर उघडी, वरून सुती साडीचा पदर. एका हाताने मोबाईलवर लिहितेय. गाढ झोपलीय म्हणावं, तर पापण्यांखाली बुबुळं फिरतायत, ओठ मुडपतायत, आणि उजव्या हाताची करंगळी मधेच टुणकन उडतेय. मनगट नाही, कोपर नाही, नुसती करंगळी.

बत्तिसाव्या आठवड्यात आली. आता छत्तिसावा चालू आहे, म्हणजे खरं तर अजून पोटातच असायची. दवाखान्यात काचेच्या पेटीत तिचा हात पहिल्यांदा असा उडाला, तेव्हा मला वाटलं फिटच आली. सिस्टरने हळूच जागं केलं, हात शांत. "झोपेतलं आहे ताई. जागेपणी असं दिसलं तर मात्र लगेच सांगा." तरी पुढे आठ दिवस पेटीच्या भोकातून हात घालून मी तिचा हात दाबून धरायचे. आठवलं की स्वतःचाच राग येतो.

सासूबाईंचं एकच, "सटवी खेळवता गो तेका. हात लाव नको."

मग वाचत बसले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९ नवजात बाळांच्या डोक्याला तारा लावून पाहिलं होतं, २०१८ साली छापून आलं. झोपेत उजवा हात हलला की लगेच डाव्या मेंदूत लहर उठते, नेमकी उजव्या हाताचा स्पर्श कळणाऱ्या भागात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत या लहरी मोठ्या. पुरे दिवस भरून काही आठवडे गेले की दिसेनाशा होतात. अमेरिकेत आयोवाला उंदरांच्या पिल्लांवर काम झालंय, ते तर अजबच. जागेपणी पिल्लाने स्वतः पाय हलवला तर त्याची खबर मेंदूत जाता जाता अडवली जाते. झोपेतला झटका मात्र थेट पोचतो. म्हणजे हा हात माझा, ही करंगळी माझी, हे बाय झोपेतच शिकत असणार. आणि मी तो हात दाबून धरत होते!

सटवी काही लंडनला शिकायला गेली नव्हती, पण 'हात लाव नको' एवढं सासूबाईंचं बरोबर. त्याच सासूबाई संध्याकाळी तिला दुपट्यात करकचून गुंडाळतात, हातांसकट. त्या देवाजवळ दिवा लावायला गेल्या की मी हात सोडवते. आम्ही दोघीही त्यावर बोलत नाही. दवाखान्यात मऊ कापडाची वळकटी करून तिच्याभोवती घरटं करायचे. पाय ताणला की कडेला टेकायचा, पण हलायला जागा असायची. तसं जुन्या धोतराचं करून ठेवलंय.

अडीचचं दूध आहे. वजन भरेपर्यंत उठवून पाजायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. गजर वाजायच्या आत बंद केला. करंगळी परत उडाली, आता अंगठाही.

ही थांबली की उठवते.