मॅन पेजमधली कमांड चिकटवली की चालली पाहिजे: शेलचं डॉक्युमेंटेशन आवरताना आलेला अनुभव

शेलचं (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामचं) डॉक्युमेंटेशन आवरायला घेतलं की भाषेला मी शेवटी हात लावतो. इथला वाचक मजकूर फारसा वाचत नाही. तो कमांड कॉपी करतो, टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि ती चालली नाही की वैतागतो.

सुरुवात करतो काय राहून गेलंय ते शोधण्यापासून. बॅश या शेलमध्ये एकाच बिल्ट-इनची (शेलमध्येच असलेल्या कमांडची) माहिती तीन जागी असते: मॅन पेज ('मॅन' कमांडने उघडणारं माहितीपान), टेक्सइन्फो या फॉरमॅटमधलं मॅन्युअल, आणि 'हेल्प' कमांड दाखवते तो मजकूर. हा तिसरा मजकूर सोर्समधल्या '.डेफ' फायलींत असतो. नवा ऑप्शन आला की यातली एखादी जागा सुटतेच. म्हणून यादी शेलकडूनच घ्यायची. 'कॉम्पजेन' या कमांडला बी फ्लॅग (हायफन लावून द्यायचा पर्याय) दिला की सगळे बिल्ट-इन ओळीओळीने मिळतात. टेक्सइन्फो फायलीतल्या 'बीटीइंडेक्स'च्या (बिल्ट-इनच्या सूचीच्या) नोंदी वेगळ्या काढायच्या, दोन्ही याद्या सॉर्ट करून त्यांतला फरक दाखवणाऱ्या 'कॉम'ला द्यायच्या. मात्र सॉर्टच्या आधी क्रमाचे नियम ठरवणाऱ्या 'एलसी_ऑल'ला 'सी' ही किंमत द्या, नाहीतर क्रमावरून 'कॉम' कुरकुरतो. आणि एखादं नाव मॅन पेजमध्ये ग्रेपने शोधताना एफ फ्लॅग विसरू नका. नुसतं टिंब हाही बिल्ट-इन आहे, आणि ग्रेपच्या लेखी टिंब म्हणजे कुठलंही अक्षर.

झेडशेल या दुसऱ्या शेलच्या डॉक्युमेंटेशनची मूळ फाईल योडल या मार्कअप भाषेत असते, मॅन पेज तिच्यातून तयार होतं. तयार झालेल्या फायलीत केलेली दुरुस्ती पुढच्या बिल्डला पुसली जाते.

खरा वेळ खातात ती चिन्हं. मॅन पेजच्या सोर्समधला साधा हायफन म्हणजे ट्रॉफच्या (मॅन पेजची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामच्या) दृष्टीने शब्द जोडणारी रेघ. यूटीएफ-८ आउटपुटमध्ये त्याचं यू+२०१० हे वेगळंच युनिकोड चिन्ह होतं. दिसायला सारखंच, पण चिकटवल्यावर शेल त्याला फ्लॅग मानत नाही. फ्लॅगच्या हायफनआधी बॅकस्लॅश हवाच. सरळ एकेरी अवतरणचिन्ह, बॅकटिक, कॅरेट आणि टिल्डे यांचीही हीच गत. त्यांच्यासाठी ग्रॉफचे (ट्रॉफच्या जीएनयू आवृत्तीचे) वेगळे एस्केप, म्हणजे बॅकस्लॅशने सुरू होणारे संकेत, आहेत. काही लिनक्स वितरणं ही चिन्हं परत साधी करून दाखवतात, त्यामुळे आपल्या मशीनवर सगळं ठीक आणि दुसऱ्याच्या मशीनवर मोडलेलं, असं होतं. 'मँडॉक' या मॅन पेजच्या टूलची लिंट (चुका शोधणारी) तपासणी चालवावी, पण तिच्यावरच विसंबू नये.

उदाहरणातली ओळ टिंबाने सुरू झाली तर आणखी पंचाईत. शेलमध्ये ते 'सोर्स' करणारं (दुसऱ्या फायलीतल्या कमांड चालवणारं) टिंब, ट्रॉफमध्ये मॅक्रोची (मांडणीच्या आज्ञेची) खूण. अख्खी ओळ गायब होते, आणि बहुतेक वेळा चेतावणीही दिसत नाही. टिंबाआधी बॅकस्लॅश आणि अँपरसँड टाकायचे. मजकूर छापणाऱ्या 'प्रिंटएफ'मधला बॅकस्लॅश-एनसुद्धा (नव्या ओळीची खूण) ट्रॉफ गिळतो, कारण त्याच्याकडे तो रजिस्टरची (साठवलेल्या आकड्याची) किंमत मागवतो. छापायचा बॅकस्लॅश सोर्समध्ये बॅकस्लॅश-ई असा लिहायचा.

मग उदाहरणं प्रत्यक्ष चालवून पाहतो. रिकामी डिरेक्टरी, 'एन्व्ह'ला आय फ्लॅग, आणि बॅशला 'नोआरसी' व 'नोप्रोफाइल', म्हणजे आपल्या सेटिंग्ज आड येत नाहीत. हे केलं नाही तर आपल्याच एलियसच्या (कमांडला दिलेल्या टोपणनावाच्या) जोरावर चुकीचं उदाहरण पास होतं. एवढं करूनही फसगत होते. दुहेरी अवतरणात उद्गारचिन्हाला लागून अक्षर असेल तर स्क्रिप्टमध्ये काही बिघडत नाही, पण प्रॉम्प्टवर हिस्टरी एक्सपान्शन (जुनी कमांड परत आणण्याची सोय) जागं होतं आणि 'इव्हेंट नॉट फाउंड' येतं. एलियसचं उलट: प्रॉम्प्टवर चालतो, स्क्रिप्टमध्ये 'एक्सपांड_एलियसेस' चालू केल्याशिवाय नाही. म्हणून प्रत्येक उदाहरण दोन्हीकडे तपासायचं, आणि फरक पडला तर तो तिथेच एका वाक्यात लिहायचा. 'एको'ची उदाहरणं मी दिसतील तिथे 'प्रिंटएफ'मध्ये बदलतो. बॅकस्लॅश आणि एन फ्लॅगच्या बाबतीत 'एको' प्रत्येक शेलमध्ये वेगळा वागतो.

भाषेची डागडुजी वेगळ्या कमिटमध्ये (वेगळा बदल म्हणून नोंदवून). सोर्समध्ये एका ओळीत एकच वाक्य ठेवलं की डिफमध्ये (जुन्या-नव्यातला फरक दाखवताना) बदललेलं वाक्य तेवढंच दिसतं. मथळा बदलला तर जुना अँकर (लिंक जिथे पोचते ती खूण) जिवंत ठेवायचा, नाहीतर बाहेरून आलेल्या लिंक तुटतात.

शेवटी पानाची रुंदी ठरवणारं 'मॅनविड्थ' ६० करून पान उघडतो. लांब कमांड कुठे मोडतात ते तेव्हाच दिसतं. आणि कॉपी करतो ते नेहमी या उघडलेल्या पानावरून, सोर्समधून कधीच नाही.