मार्कपासून सुरुवात

रविवार, रात्री

बाप्तिस्मा झाला की नवं बायबल घरी येतं आणि बहुतेक जण ते उत्पत्तीपासून वाचायला घेतात. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं, ही शाळेपासूनची सवय. उत्पत्तीचे 50 अध्याय गोष्टींच्या ओघात सरतात, निर्गमही निम्म्यापर्यंत जातं. मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं येतात, पाठोपाठ लेवीय या पुढच्या पुस्तकातले अर्पणांचे नियम, आणि खुणेची दोरी तिथेच अडकून राहते. मग वाटतं, आपलीच श्रद्धा कमी पडली. मला याचं फार वाईट वाटतं, कारण चूक फक्त क्रमाची असते. बायबल म्हणजे 66 पुस्तकांचं कपाट (कॅथलिक बायबलमध्ये 73). त्यातलं कुठलं आधी काढायचं, हे कुणीतरी सांगायला हवं.

आधी मार्क काढावं. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांत, म्हणजे शुभवर्तमानांत, सगळ्यांत लहान, 16 अध्याय. रोज एक, तोही मोठ्याने. पाच-सात मिनिटं लागतात. मोठ्याने वाचलं की डोळे ओळी गाळत नाहीत. त्यानंतर योहान, मग प्रेषितांची कृत्ये, मग फिलिप्पैकरांस पत्र, ते चारच अध्यायांचं. उत्पत्तीकडे त्यानंतर वळावं. सोबत रोज एक स्तोत्र. नव्या करारात, म्हणजे येशूपासून पुढच्या भागात, एकूण 260 अध्याय आहेत. आठवड्याला पाच धरले तर बरोबर 52 आठवडे होतात आणि दोन दिवस राहून गेलेलं भरून काढायला मिळतात. हिंजवडीची पाळी करून रात्री घरी येणाऱ्याला ते दोन दिवस लागतातच.

वाचन आणि अभ्यास मात्र वेगळे. अभ्यासाला अध्याय नको, दहा-बारा वचनं, म्हणजे आकडे घातलेली वाक्यं, पुरतात. मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली पहिली 12 घ्या. कफर्णहूमात घर माणसांनी गच्च भरलंय, चौघे जण एका पक्षघाती माणसाला घेऊन येतात, वाट मिळत नाही म्हणून छप्पर उकरून बाज खाली सोडतात. आपल्याकडची धाब्याची घरं पाहिलेल्याला हे लगेच कळतं: लाकडं, काटक्या, वर माती. उकरता येतं आणि परत लिंपताही येतं. आता पाचवं वचन सावकाश वाचा. येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहतो. पाहिला तो आणणाऱ्यांचाही विश्वास. आणि आधी बरं करत नाही, आधी पापांची क्षमा सांगतो. शास्त्री, म्हणजे नियमशास्त्राचे जाणकार, मनातल्या मनात का चिडतात, ते सातव्या वचनात आहे: क्षमा करणं हा एकट्या देवाचा अधिकार. सगळा प्रसंग त्या प्रश्नाभोवती फिरतो. वहीत तीनच गोष्टी लिहाव्यात: इथे काय लिहिलंय, तेव्हाच्या लोकांना त्यातून काय कळलं असेल, आणि आज मी काय करायचं. घाईत पहिल्या दोन सोडून लोक थेट तिसरीवर उडी मारतात, आणि अर्थ तिथेच बिघडतो.

यिर्मया 29:11 घ्या, म्हणजे 29व्या अध्यायातलं 11वं वचन. भेटकार्डांवर हमखास असतं: देवाच्या मनात तुमच्या भल्याचे संकल्प आहेत. वचन खरंच आहे, पण ते बाबेलात बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि आधीचंच वचन 70 वर्षं थांबायला सांगतं. वचनाच्या वरची दहा आणि खालची दहा वाचल्याशिवाय ते पाठ करू नये. अध्यायांचे आकडेही मूळ लिखाणात नव्हते, ते 13व्या शतकात आले, म्हणून कधी कधी प्रसंग मधेच तुटतो. मार्क 9:1 आठव्या अध्यायाच्या शेवटाला जोडून वाचलं तरच लागतं.

भाषेचं. मंडळीत जे भाषांतर वाचतात ते हाताशी ठेवावं आणि अडलं की सोप्या मराठीतलं उघडावं. मराठी सोपी असावी ही तळमळ आपल्या जिल्ह्यातलीच. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला साध्या बायकांना कळेल असं बायबलचं भाषांतर केलं. 1922 मध्ये त्या गेल्या, ते 1924 मध्ये छापून आलं. कृपा, तारण, नीतिमान, करार हे शब्द ऐकून ऐकून ओळखीचे वाटतात. अर्थ मात्र वहीत लिहून पाळकांना विचारावा. घरसभेतही विचारावा, तिथे कुणी हसत नाही.

खुणा पेन्सिलीनेच. कागद इतका पातळ असतो की जेल पेनची शाई पलीकडे उमटते.

उद्यासाठी मार्कचा पहिला अध्याय, 45 वचनं. 35व्या वचनात येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. ते वाचताना 33वं विसरू नये: आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी जमलं होतं.