आमची वाटचाल: बाटलीत यीस्ट दिसलं की आधी फोन

एक मायक्रोस्कोप, एक इनक्युबेटर आणि आम्ही दोघं, एवढ्यावर आमची लॅब सुरू झाली. फक्त बुरशीच्याच तपासण्या करायच्या म्हटल्यावर ‘नायट्याच्या नमुन्यांवर भाडं तरी निघेल का?’ असं लोक विचारत. आमच्या डोळ्यांसमोर आयसीयूतले पेशंट होते. पोटाचं मोठं ऑपरेशन, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी), दिवसेंदिवस अँटिबायोटिक्स आणि तरी न उतरणारा ताप. अँटिबायोटिक्सनी आतड्यातले जिवाणू मेले की कॅन्डिडा या यीस्टला (एकपेशीय बुरशीला) रान मोकळं मिळतं, आणि आतड्यातून किंवा लाइनवाटे ती रक्तात शिरते.

पहिल्या वर्षातला एक रिपोर्ट मला अजून झोपू देत नाही. प्रजातीचं नाव, औषधांची संवेदनशीलता, सगळं बिनचूक होतं. तो पोचला तेव्हा पेशंट राहिला नव्हता. कळ्या फुटलेल्या यीस्टपेशी ग्रॅम स्टेनमध्ये (नमुना रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहताना) आम्ही दोन दिवस आधीच पाहिल्या होत्या. नाव पक्कं व्हावं म्हणून थांबलो होतो.

तेव्हापासून रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत (जिच्यात रक्तातले जंतू वाढवून पाहतात) यीस्ट दिसलं की त्याच मिनिटाला डॉक्टरांना फोन जातो. रक्तातलं यीस्ट ‘बाहेरून आलं असेल’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. थुंकीतल्या कॅन्डिडाचं उलट आहे. ती बहुतेक वेळा नुसती वस्तीला असते, आणि तसं आम्ही रिपोर्टवर स्पष्ट लिहितो. विनाकारण दिलेलं औषधही पेशंटलाच सोसावं लागतं.

रक्ताच्या कल्चरमधून आतल्या कॅन्डिडा संसर्गाचे जवळपास निम्मे पेशंट निसटतात. म्हणून पुढे बीटा-डी-ग्लुकन, म्हणजे बुरशीच्या पेशीभिंतीतला घटक रक्तात शोधणारी तपासणी सुरू केली. अल्ब्युमिन, ड्रेसिंगचं गॉज, डायलिसिसचे काही फिल्टर यांमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे मला तिचा निगेटिव्ह निकाल जास्त कामाचा वाटतो.

मग कॅन्डिडा ऑरिसनं आम्हाला हादरवलं. 2009 मध्ये जपानमधल्या एका पेशंटच्या कानातल्या नमुन्यावरून वर्णन झालेली ही प्रजाती आमच्या जुन्या पद्धतीत ‘हिम्युलोनी’ या दुसऱ्याच कॅन्डिडा प्रजातीच्या नावानं निघत होती. फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाला ती बहुधा दाद देत नाही, खाटेच्या कठड्यावर टिकून राहते आणि एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाते. आता ‘हिम्युलोनी’ असं उत्तर आलं की आम्ही ते अंतिम धरत नाही. नमुना माल्डी-टॉफ (प्रथिनांवरून प्रजाती ओळखणारं यंत्र) असलेल्या मोठ्या लॅबकडे जातो, आणि पेशंटला वेगळं ठेवा, हा निरोप त्याच्याही आधी वॉर्डात पोचतो.

आज आम्ही सहा जण आहोत. रात्रपाळीला एक जण असतोच. टेबलावरच्या वहीत दोन रकाने आहेत: यीस्ट कधी दिसलं आणि फोन कधी केला. रोज सकाळी मी आधी ती वही उघडते.