मोंढ्यातली पट्टी आणि एमबीस्ट्रिंग

सकाळी साडेनऊला लातूरच्या मोंढ्यातून आडत्यांचा फोन. पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पावती, छापणारं त्यांचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. "सर, पट्टी निघंना. नुसतं पांढरं पान येऊलालंय." मागं सोयाबीनच्या मापाचा गलका ऐकू येत होता. पट्टीसाठी शेतकरी खोळंबलेले.

एरर लॉग उघडला. एमबी_सबस्टर हे मजकूर चिन्हं मोजून कापणारं फंक्शनच सापडत नाही म्हणे. म्हणजे पीएचपीचं (सॉफ्टवेअर ज्या भाषेत लिहिलंय तिचं) एमबीस्ट्रिंग एक्स्टेन्शन, ज्या जोडभागात हे फंक्शन असतं तोच, गायब. पण कमांड लाइनवर मॉड्यूलची यादी काढली तर त्यात ते ठळक दिसतंय! तासभर यातच गेला. शेवटी पीएचपीइन्फोचं, म्हणजे पीएचपीची आवृत्ती आणि सेटिंग दाखवणारं पान ब्राउझरमध्ये उघडलं आणि डोक्यात प्रकाश पडला. सर्व्हर अपग्रेड केल्यापासून अपाचे (पानं पुरवणारा वेब सर्व्हर) पीएचपी ८.३ वर चालत होता, कमांड लाइन अजून पीएचपी ८.१ वरच. एक्स्टेन्शन होतं ते ८.१ चं. प्रत्येक आवृत्तीचं पॅकेज वेगळं, सेटिंगची आयएनआय फाइलसुद्धा वेगळी. ८.३ चं पॅकेज टाकलं, अपाचे रीस्टार्ट केला, झालं.

मधे एका मित्रानं सुचवलं होतं, मजकूर कापायला पीएचपीतलं साधं सबस्टर वापर आणि मोकळा हो. मन झालं नाही. ते बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं. 'ज्ञानेश्वर' म्हणजे १० चिन्हं, ३० बाइट. रकान्यात बसवायला २० बाइटवर कापलं की नाव अर्ध्यात तुटतं, शेवटी चौकट उमटते. वर्षभर राबलेल्या माणसाच्या पट्टीवर त्याचं नाव तरी धड असावं.

अकराला आडत्यांनी पहिल्या पट्टीचा फोटो पाठवला. नाव पूर्ण, काना-मात्रेसकट.